लाल स्टिकर आणि नियम ३-बी

गर्भपात कायद्यावर संशोधन करायचं म्हटलं की बहुतेक जण कोर्टाच्या निकालांपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी १२ ऑक्टोबर २०२१ चे नियम उघडा आणि त्यातला ३-बी वाचा. पाच मिनिटं पुरतील.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, शिवाय ती स्त्री ३-बी च्या यादीत बसावी लागते. यादीत कोण? लैंगिक अत्याचार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट वाट्याला आलेल्या, शारीरिक अपंगत्व असलेल्या, मानसिक आजार असलेल्या, गर्भात व्यंग आढळलेल्या आणि आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया. प्रत्येक नोंद हवीच होती. आता हीच यादी परत वाचा आणि त्यात हृदयाच्या झडपेचा आजार, किडनीचा विकार, वाढलेलं बीपी शोधा. नाही सापडणार.

मूळ कलमात आईच्या आरोग्याला गंभीर इजा हे कारण दोन्ही टप्प्यांना लागू आहे. म्हणजे कारण मान्य, पण बाई यादीत नाही! त्यात प्री-एक्लॅम्प्सियाची व्याख्या बघा: २० आठवड्यांनंतर नव्याने वाढलेला रक्तदाब, सोबत लघवीतून प्रथिनं जाणं किंवा एखाद्या अवयवावर परिणाम. जिथे हा आजार सुरू होतो, तिथेच सोपी मुदत संपते.

यावर कलम ५ दाखवलं जातं. आईचा जीव वाचवायला ‘तातडीने’ गरज असेल तर आठवड्यांची अट नाही, एक डॉक्टर ठरवू शकतो. खरं आहे. पण तातडी कधीपासून धरायची? मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवेमध्ये वारल्या. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे कळलं होतं, पण गर्भाचे ठोके चालू म्हणून डॉक्टर थांबले आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. आपल्याकडे सतराव्या आठवड्याला ही अडचण आली नसती, हे मान्य. तरी जीव आणि आरोग्य यांच्यात कायद्याने रेघ मारली की काय होतं ते तिथे दिसतं: ती ओलांडली जाईपर्यंत डॉक्टर वाट बघतो.

यादी अशी का झाली? माझं वाचन असं की आपली चर्चा गर्भाच्या व्यंगाभोवती वाढली. २००८ साली डॉ. निखिल दातार ज्या जोडप्यासोबत मुंबई उच्च न्यायालयात गेले, त्यांच्या गर्भाच्या हृदयात दोष होता. परवानगी मिळाली नाही, पण त्या खटल्याने मुदतीचा प्रश्न देशभर नेला. २४ आठवड्यांनंतरची मेडिकल बोर्डाची वाटही गर्भातल्या गंभीर व्यंगापुरतीच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या एका गरोदर स्त्रीला नकार दिला. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिची औषधं चालू होती. गर्भात व्यंग नाही आणि आईच्या जिवाला तत्काळ धोका नाही, असं कारण दिलं गेलं. त्या टप्प्यावर बाळ जगू शकतं, त्यामुळे तिथला वाद खरोखर अवघड आहे. माझी तक्रार २० ते २४ बद्दल आहे. तिथे ‘गंभीर शारीरिक आजार’ ही एक ओळ घालायला काय हरकत होती?

आकडेवारीही फार मदत करत नाही. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचं मातामृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. चांगला आकडा आहे. पण जी वाचली आणि किडनी गमावून बसली, ती यात नाही. आणि दवाखान्याची गर्भपाताची नोंदवही झालेल्या गर्भपातांचीच असते. परत पाठवलेल्या बाईची त्यात ओळच नसते.

मग शोधायचं कुठे? आमच्या माणगावसारख्या तालुक्यापासून सुरुवात करता येईल. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. एथिक्स कमिटीची परवानगी घ्या (गोपनीयता इथे फार महत्त्वाची) आणि लाल स्टिकरच्या बायकांचा प्रवास आठवड्यांनुसार मांडा: आजार कितव्या आठवड्यात कळला, अलिबागला की मुंबईला पाठवलं, पोचेपर्यंत किती दिवस गेले, गर्भपाताचा पर्याय कोणी बोलून दाखवला का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर केसपेपरवर मिळणं कठीण. त्यासाठी आशाताईंशी आणि त्या बायकांशीच बोलावं लागेल.