पहिल्या अंकाचा प्रश्न : फ्लॅश, वेताळ आणि फास्टर फेणे यांचे पुनर्प्रारंभ

२०११ च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरात अमेरिकेतील डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने आपल्या चालू सुपरहिरो मालिका थांबवून ५२ मालिका क्रमांक १ पासून नव्याने सुरू केल्या. 'द न्यू ५२' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमाने वाचकापुढे एक साधा, पण समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न उभा केला : यांपैकी कोणती मालिका वाचावी? सर्वच मालिका पहिल्या अंकापासून सुरू होत असल्यामुळे मागचे काही वाचलेले नसले तरी अडणार नाही, असे आश्वासन त्या क्रमांकातच दडलेले होते. प्रस्तुत लेखात या आश्वासनाची तपासणी केली आहे. जुन्या नायकाला नव्याने आरंभ देणारी कलाकृती आपल्या पूर्वस्मृतीचे काय करते, यावर तिचे वाचनमूल्य अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले असून मराठी वाचकाच्या संदर्भात त्याचा विचार मुख्यतः फास्टर फेणे या नायकाच्या आधारे केला आहे.

प्रथम क्रमांकाविषयी. 'अॅक्शन कॉमिक्स' ही सुपरमॅनला जन्म देणारी मालिका १९३८ पासून चालू होती. तिचा ९०४ वा अंक २०११ मध्ये निघाला आणि पुढचा अंक 'क्रमांक १' म्हणून आला. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, प्रकाशकांनी याच मालिकेचा ९५७ वा अंक काढला. म्हणजे मधल्या काळातील ५२ अंक जुन्या बेरजेत मुकाट्याने मिळवून घेतले गेले. २०१८ मध्ये मालिकेचा १००० वा अंक मोठ्या थाटाने प्रसिद्ध झाला. जी परंपरा अडचणीची म्हणून पुसली, तिचाच पुढे उत्सव करण्यात आला. क्रमांक १ हा वाङ्मयीन आरंभ असण्यापेक्षा विक्रीची सोय अधिक असतो, हे या हिशेबावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. त्या ५२ पैकी सहा मालिका आठव्या अंकालाच बंद पडल्या, हेही नोंदवण्यासारखे आहे.

तथापि सर्वच पुनर्प्रारंभ एका मापाने मोजता येत नाहीत. ऑक्टोबर १९५६ अशी तारीख असलेल्या 'शोकेस'च्या चौथ्या अंकात फ्लॅश हा वेगवान नायक पुन्हा अवतरला. १९४० चा फ्लॅश जे गॅरिक हा होता. नवा फ्लॅश बॅरी अॅलन हा पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण. लक्षणीय बाब अशी की, अंगी वेग येण्यापूर्वी हा बॅरी जुन्या फ्लॅशचे कॉमिक्स वाचताना दाखवला आहे आणि आपले नाव तो त्या वाचनातूनच घेतो. नव्या नायकाचे पहिले कर्तृत्व वाचकाचे आहे. अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सच्या दुसऱ्या बहराचा आरंभ सामान्यतः ज्या अंकापासून मानला जातो, तो अंक असा स्मृतीला कथेत सामावून घेऊन उभा आहे. २०११ च्या योजनेने नेमके उलट केले. बॅरीनंतर दीर्घकाळ फ्लॅशची जबाबदारी वाहणारा वॉली वेस्ट तिने नाहीसा केला. २०१६ मध्ये तो परत आणावा लागला, तेव्हा त्याच्या परतीची कथाच अशी रचली गेली की, कोणीतरी त्याला ओळखल्याखेरीज तो या जगात टिकू शकत नाही. अखेर बॅरीला त्याची आठवण होते. पुसून टाकल्याची ही जणू कथेनेच दिलेली कबुली होय.

५२ पैकी ज्या मालिकांना समीक्षकांनी व वाचकांनी उचलून धरले, त्यांत स्कॉट स्नायडर यांनी लिहिलेली आणि ग्रेग कपुलो यांनी चितारलेली 'बॅटमॅन' ठळक आहे. तिच्या पहिल्या कथाभागात गॉथम शहरात शतकानुशतके दडून राहिलेल्या घुबडांच्या दरबाराचा शोध आहे. आपल्या शहराचा इतिहास आपणास पूर्ण ठाऊक आहे, हा बॅटमॅनचा समज तेथे ढासळतो. क्रमांक १ चे लेबल लावलेली ही कथा प्रत्यक्षात जुन्या इमारतींच्या, घराण्यांच्या आणि बडबडगीतांच्या तळघरात उतरते. तिचे सामर्थ्य नवेपणात नसून नायकाच्या गावाला भूतकाळ देण्यात आहे. गावाचा हा मुद्दा पुढे फुरसुंगीच्या संदर्भात पुन्हा घ्यावा लागेल.

मराठी वाचकाला नायकाच्या सातत्याची वेगळी कल्पना इंद्रजाल कॉमिक्सने दिली होती. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या आणि १९९० मध्ये बंद झालेल्या या मालिकेतून ली फॉक यांचा फॅण्टम मराठीत 'वेताळ' या नावाने आला. हे नामांतर फार समर्पक होते. ज्या पुण्यात टेकडीवर वेताळाचे देऊळ आहे आणि टेकडीही त्याच्याच नावाने ओळखली जाते, तेथील मुलाला हा मुखवटाधारी परका वाटण्याचे कारण नव्हते. वेताळाला पुनर्प्रारंभाची गरजच पडत नाही. तो अमर असल्याची समजूत जंगलात आहे. वस्तुतः मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो आणि आजचा वेताळ हा एकविसावा आहे. प्रत्येकाने आपल्या कारकिर्दीची बखर लिहून कवटीगुहेत ठेवायची, असा दंडक आहे. नव्या वेताळाला जुने वाचावेच लागते.

अर्थात स्मृती नेहमी निष्पाप असते असे नाही. आफ्रिकी जंगलातील जमातींवर एका गोऱ्या घराण्याचा पिढीजात धाक, ही वेताळकथेची बैठक वसाहतवादी आहे. इंद्रजालच्या संपादकांनी मूळ कथेतील 'बंगाला' या देशनामाचे 'डेंकाली' केले, कारण बंगालशी असलेले साम्य भारतीय वाचकाला खटकण्याजोगे होते. नाव बदलले तरी बैठक तीच राहिली. पुढे निरनिराळ्या भारतीय प्रकाशकांनी वेताळाची पुनर्मुद्रणे काढली. ती निवडताना केवळ बालपणीच्या ओढीने हात पुढे करणे पुरेसे नाही. जे आठवते आहे त्याचीही परीक्षा व्हावी लागते.

आता फास्टर फेणे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी निर्माण केलेला बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा मुलगा. त्याच्याजवळ अतिमानवी शक्ती नाही, म्हणून त्याला सुपरहिरो म्हणावे काय, असा आक्षेप घेता येईल. परंतु टोपणनाव, न वाढणारे वय, काडीसारखी अंगकाठी, सायकल आणि 'ट्टॉक्' हा जिभेचा आवाज ही सारी चिन्हे त्या कुळाचीच आहेत. त्यांतील 'ट्टॉक्' तर चित्रकथेतल्या ध्वनिशब्दाप्रमाणे गद्यात वाजतो. फ्लॅशप्रमाणे त्याचाही वेग नावातच आहे. फरक इतकाच, की फ्लॅशचा वेग अपघाताने अंगात भिनलेला असतो, तर फेणेचा वेग पाहण्याच्या आणि न राहवण्याच्या वृत्तीतून येतो.

उत्कर्ष प्रकाशनाने ही मालिका २० पुस्तकांच्या रूपाने उपलब्ध ठेवली. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे' ही नावे पाहिली तरी ध्यानात येते की, नायक प्रत्येक वेळी एका खऱ्या जागेला जोडलेला आहे. तो पुण्याहून कोठेही जातो. पण कोठून आला हे विसरत नाही. या पुस्तकांना वाचनक्रमाची सक्ती नाही. कोणतेही पुस्तक पहिले म्हणून उचलावे. ज्या सोयीसाठी अमेरिकी प्रकाशकांना संपूर्ण विश्व मोडून पुन्हा मांडावे लागले, ती सोय भागवतांच्या रचनेत सहजच होती.

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी रंगवलेला फेणे शाळकरीच होता. खरा पुनर्प्रारंभ ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित आणि क्षितिज पटवर्धन लिखित 'फास्टर फेणे' या चित्रपटात बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण झाला. अमेय वाघ यांनी ती भूमिका केली. परीक्षेच्या निमित्ताने भेटलेल्या एका मुलाच्या मृत्यूवर आत्महत्येचा शिक्का बसतो, फेणेला तो पटत नाही आणि त्यातून प्रवेशाच्या बाजारापर्यंत शोध पोहोचतो. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेल्या वृद्ध पात्राला येथे भा. रा. भागवत हेच नाव दिले आहे. १९५६ च्या फ्लॅशकथेशी असलेले हे नाते विलक्षण आहे. पुनर्प्रारंभ आपल्या उगमाला घरात जागा देतो.

या बळावर चित्रपट पाहण्याजोगा ठरतो. मात्र त्याने मोजलेली किंमतही लहान नाही. मूळ फेणेचे शहराशी नाते कुतूहलाचे होते. चित्रपटातील फेणेचे नाते स्पर्धेचे आहे. बदलत्या पुण्याचे हे प्रामाणिक वाचन आहे, हे मान्य करावे लागेल. शिक्षणाचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात गुन्हा परीक्षेभोवती घडावा, ही निवड नेमकी आहे. पण गुन्ह्याचा आकार वाढत जातो तसा फेणेचा आकार इतर कोणत्याही तरुण रहस्यपटनायकाएवढा होत जातो. गिरीश कुलकर्णी यांचा खलनायक इतका भरीव आहे की, कित्येक प्रसंगांत लक्ष त्याच्याकडेच राहते. वय वाढले, त्याबरोबर खोडकर अवलोकनाची जागा नैतिक संतापाने घेतली. संताप कोणालाही येतो. ते अवलोकन मात्र केवळ बनेशचे होते.

राहिला गावाचा प्रश्न. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, फुरसुंगीसह ११ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. तत्पूर्वी कित्येक वर्षे शहराचा कचरा उरुळी देवाची–फुरसुंगी येथील डेपोवर जात होता आणि ग्रामस्थ त्याविरुद्ध आंदोलने करीत होते. २०२४ मध्ये ही दोन गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कथेतले निसर्गरम्य उपनाव आणि प्रत्यक्षातले हे गाव यांच्यामधील अंतर एवढे वाढले आहे की, नायकाला केवळ 'फुरसुंगीचा' म्हणून भागत नाही. गॉथमच्या तळघरात उतरण्याचे धाडस ज्या अर्थाने स्नायडर यांच्या बॅटमॅनने केले, त्या अर्थाने फेणेला आपल्या गावी परत नेणारी कथा आली, तर तो या मालिकेचा सर्वांत अगत्याने वाचावा असा पुनर्प्रारंभ ठरेल. २०१७ च्या चित्रपटाचा तो विषय नव्हता.

निवडीचा क्रम लावायचा झाल्यास भागवतांची पुस्तके प्रथम, चित्रपट त्यानंतर, असाच तो लागेल. उलट क्रमाने गेल्यास चित्रपटातील भागवत हे केवळ एक प्रेमळ वृद्ध म्हणून उरतात आणि पुनर्प्रारंभाने राखलेली स्मृती वाया जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या खरेदीत मात्र 'बालसाहित्य' या शिक्क्यामुळे ही २० पुस्तके बहुधा गाळली जातात आणि माध्यमांतराच्या तासाला चित्रपटच तेवढा दाखवला जातो. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' वर्गात वाचायला फार तास लागत नाहीत, आणि हडपसर–फुरसुंगीकडून रोज बसने शहरात येणारे विद्यार्थी त्याच वर्गात बसलेले असतात.