एल्विसचा अज्ञातवास

मेलेला मनुष्य खरोखरच मेला आहे हें सिद्ध करण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाहीं. पण लोकप्रियतेच्या शिखरावर चढलेल्या कांहीं माणसांच्या वांट्यास तोहि येतो. अमेरिकेचा सुप्रसिद्ध गायक एल्विस प्रेस्ली हा १६ ऑगस्ट १९७७ रोजीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, मेंफिस येथील आपल्या 'ग्रेसलँड' नांवाच्या वाड्यांत मरण पावला. तो मेला नाहीं, मेल्याचें सोंग करून कोठें तरी दडून बसला, ही वदंता मात्र त्याच्यामागें पुष्कळ वर्षें जगली. जोएल गिल्बर्ट यांच्या 'एल्विस फाउंड अलाइव्ह' (२०१२) या चित्रपटानें ती वदंता खरी मानून तिच्यावर अनुबोधपटाचें सोंग उभारलें आहे. हें सोंग कितपत वठलें हा एक प्रश्न, आणि तें कशावर पांघरूण घालतें हा दुसरा. आम्हांस दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो.

कथानक थोडक्यांत असें. माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन सरकारी दप्तरांतील कागद मागविले जातात. त्यांवरून कॅलिफोर्नियांतील सिमी व्हॅली येथें राहणाऱ्या जॉन बरोज नांवाच्या गृहस्थाचा ठावठिकाणा लागतो. आणि हे बरोज म्हणजेच एल्विस! मग त्याच्याच तोंडून त्याचें चरित्र ऐकावयास मिळतें. अध्यक्ष निक्सन यांच्यासाठीं केलेली गुप्त कामगिरी, 'वेदर अंडरग्राउंड' या जहाल गटाशीं जडलेलें वैर, आणि अखेर जीव वांचविण्यासाठीं रचलेलें मरणाचें नाटक, असा हा सारा मसाला आहे. गिल्बर्ट यांचा हात या कामीं सरावलेला आहे. दोनच वर्षांपूर्वीं त्यांनीं जॉर्ज हॅरिसनच्या म्हणून सांगितलेल्या आवाजांत पॉल मॅकार्टनीच्या मृत्यूची कहाणी पडद्यावर आणली होती. तेथें जिवंतास मारलें, येथें मेलेल्यास उठविलें, एवढाच काय तो फरक.

या रचनेंत चातुर्य आहे, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. चांगली थाप सत्याच्या खांद्यावर हात टाकून चालते. 'जॉन बरोज' हें नांव गिल्बर्ट यांनीं कल्पनेंतून काढलेलें नाहीं. तें एल्विसचेंच टोपणनांव. डिसेंबर १९७० मध्यें निक्सन यांच्या भेटीसाठीं तो वॉशिंग्टनला गेला, तेव्हां हॉटेलांत तो याच नांवानें उतरला होता. २१ डिसेंबरला भेट झाली, आणि मादक द्रव्यांच्या बंदोबस्तासाठीं असलेल्या खात्याचा बिल्ला त्यानें हट्टानें पदरांत पाडून घेतला. इतका भरभक्कम पाया हातीं आल्यावर त्यावर इमला चढविण्याचा मोह कोणास आवरेल?

परंतु या जातीच्या कलाकृतीची कसोटी निराळी आहे. १९३८ सालीं ऑर्सन वेल्स यांनीं मंगळावरील स्वारीचें नाटक रेडिओवरील बातम्यांच्या थाटांत सादर केलें, तेव्हां खोट्यानें खऱ्याचा पोशाख घातला कीं ऐकणाराची सावधगिरी कशी ढिली पडते, हें दिसून आलें. १९८४ मधील 'धिस इज स्पायनल टॅप' या चित्रपटांतील वाद्यवृंद काल्पनिक. पण त्यांतील गायकवादकांचा पोकळ डौल पुरेपूर खरा. म्हणजे तपशील खोटे असले तरी चालतील, स्वभाव खरा असला पाहिजे. गिल्बर्ट यांच्या चित्रपटांत नेमकें उलट झालें आहे. तपशील निम्मेशिम्मे खरे आहेत आणि माणूस मात्र साफ खोटा आहे.

तो कसा, हें पाहण्यासाठीं वदंतेच्या मुळाकडे वळलें पाहिजे. आपल्या इतिहासांत पानिपतावर १७६१ सालीं पडलेल्या भाऊसाहेबांचा तोतया निघाला, हजारों माणसें त्याच्या मागें गेलीं, आणि १७७६ सालीं त्यास देहान्त शिक्षा झाली. केळकरांच्या 'तोतयाचें बंड' या नाटकामुळें ही हकीकत सुशिक्षितांच्या घरोघर परिचयाची झाली. पण पानिपतावरील त्या धुमाळींत संशयास जागा तरी होती. मेंफिसमध्यें ती मुळींच नव्हती. एल्विसच्या प्रेताची वैद्यकीय तपासणी झाली, आणि उघड्या शवपेटींतील त्याचा देह हजारों चाहत्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. तरीहि १९८८ सालीं गेल ब्रूअर-जॉर्जिओ यांचें 'इज एल्विस अलाइव्ह?' हें पुस्तक ध्वनिफितीसह निघालें व हातोहात खपलें. त्याच सुमारास मिशिगनमधील कॅलमझू गांवीं तो दिसल्याच्या बातम्या पसरल्या. एवढा धडधडीत पुरावा असतां लोकांनीं हें कां मानावें?

केवळ प्रेमामुळें, असें उत्तर नेहमीं दिलें जातें. तें अपुरें आहे. एल्विसचें मरण नुसतें अकालीं नव्हतें, तें लाजिरवाणें होतें. मेलेल्याला नव्हे, मागें राहिलेल्यांना. त्या वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांत त्याच्या नांवें दहा हजारांहून अधिक मात्रांचीं औषधें लिहून दिलीं गेलीं होतीं. अंग सुजलेलें, श्वास अपुरा, अशा स्थितींत दौऱ्यामागून दौरे चालूच होते; मरणाच्या दुसऱ्या दिवशींहि पोर्टलंड येथें त्याचा कार्यक्रम ठरलेला होता. हें सर्व वैद्यांना दिसत होतें, व्यवस्थापकाला दिसत होतें, भोंवतालच्या मंडळींना दिसत होतें, आणि तिकिटें काढून समोर बसणाऱ्या हजारों लोकांनाहि दिसत होतें. थांबविलें कोणीं नाहीं. आतां तो स्वेच्छेनें, हुशारीनें निसटला असें एकदां मानलें, कीं हे सारे एका दमांत निर्दोष सुटतात. या वदंतेचें खरें आकर्षण येथें आहे. ती मेलेल्याला जीवदान देते असें वाटतें. वस्तुतः ती जिवंतांना क्षमापत्र लिहून देते.

गिल्बर्ट यांचा विनोद या क्षमापत्रावर आपलीहि सही करतो. मादक द्रव्यांविरुद्धचा बिल्ला मागून घेणारा मनुष्य सात वर्षांच्या आंत औषधांच्या ओझ्याखालीं चिरडला जातो, यापरतें विदारक नाट्य कोणतें? पण त्या बिल्ल्यावरून हा चित्रपट एल्विसचा गुप्तहेर बनवितो आणि त्या मनुष्याला विसरतो. टोपणनांवाच्या बाबतींतहि तेंच. या कथेंत आयुष्यभर खोट्या नांवानें वावरलेला एक मनुष्य खरोखरच होता, पण तो एल्विस नव्हे. त्याचे व्यवस्थापक 'कर्नल टॉम पार्कर' हे हॉलंडमधील ब्रेडा गांवचे आंद्रेआस फान कौक. अमेरिकेंत ते रीतसर कागदपत्रांवांचून राहिले, आणि एल्विसच्या कमाईंतील मोठा वांटा त्यांनीं घेतला. १९५७ मधील कॅनडांतले कार्यक्रम सोडले तर एल्विसची मैफल अमेरिकेबाहेर झाली नाहीं, याचें एक कारण पार्करांचें हें गुपित होय, असें मानलें जातें. अज्ञातवास त्यांचा, आणि कोंडमारा एल्विसचा! तोतया शोधावयाचाच होता, तर तो इतका जवळ होता.

या थट्टेवर उतारा म्हणून वाचकांस एक अस्सल चित्रण सुचवितों. सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेनें जून १९७७ मध्यें त्याच्या दोन कार्यक्रमांचें चित्रण केलें, आणि तें त्याच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला दाखविलें. त्यांत घामानें निथळणारा, थकलेला एल्विस गातांना दिसतो, आणि समोरचे लोक टाळ्या वाजवितांना दिसतात. त्या टाळ्या ऐकल्यावर गिल्बर्ट यांच्या कल्पित म्हाताऱ्याच्या गोष्टीवर हंसूं येत नाहीं. मनुष्य मेला, हें कबूल करणें हीच त्याच्या जीविताची पहिली बूज होय. तो कसा मेला, हें विचारणें ही दुसरी. एल्विसच्या भक्तांनीं पहिली राखली नाहीं. या चित्रपटानें दोन्ही टाळल्या.