शाळेच्या डायरीची नऊ पानं आणि हैफाची पाळणाघरं

गेल्या महिन्यात दोन दिवस ताईकडे राहायला गेले होते. लॅबमध्ये इन्क्युबेटरात जिवाणू वाढत होते आणि पुढचे ४८ तास मला काही काम नव्हतं. पीएचडीत असा योग वर्षातून एखाद्याच वेळी येतो. भाची दुसरीत आहे. तिची शाळेची डायरी टेबलावर पडली होती, ती सहज चाळायला घेतली. पहिली नऊ पानं फक्त 'पालक व विद्यार्थ्यांसाठी नियम व सूचना'. एकूण ४१ नियम. मोजून पाहिले, कारण काहीही दिसलं की मोजायचं ही सवय आता जात नाही.

एरवी या ब्लॉगवर मी शोधनिबंध सोपे करून सांगते. आज म्हटलं, ही नऊ पानंच एखाद्या शोधनिबंधासारखी वाचून बघू. आमच्याकडे पेपर तपासायला आला की तीन प्रश्न विचारतात: दावा काय आहे, त्याला आधार काय, आणि काय गाळलंय? शाळेचं नाव सांगत नाही. त्याने फारसा फरकही पडणार नाही, कारण तुमच्या घरातल्या डायरीतही यातलं बरंच काही सापडेल.

आधी चांगलं सांगते. ओळखपत्र दाखवल्याशिवाय मूल कोणाच्याही ताब्यात दिलं जाणार नाही, हा नियम उत्तम. मुलाला कशाची ॲलर्जी असेल तर ती पहिल्याच आठवड्यात लेखी कळवा, हाही उत्तम. असे आठ-दहा नियम आहेत आणि ते का आहेत हे कोणी न सांगताही कळतं.

अडलं ते नियम १७ पाशी. 'शाळा सुटल्यानंतर १५ मिनिटांच्या आत पाल्यास न नेल्यास रु. ५० दंड आकारला जाईल.' मी ताईला विचारलं, हा नियम कधीपासून? म्हणाली, "यंदापासून. पण बरं झालं गं. आधी उशीर झाला की लाज वाटायची. मीटिंग अर्धवट सोडून पळायचे, वाटेत मावशींना फोन करायचे, की आलेच हां. आता पन्नास रुपये भरले की विषय संपला."

मी डायरी खाली ठेवली. ताईने मला एका गाजलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष एका दमात सांगितला होता.

१९९८ साली उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा खासगी पाळणाघरांमध्ये एक प्रयोग केला. पाळणाघर चारला बंद व्हायचं. काही पालक उशिरा यायचे आणि कुणातरी शिक्षिकेला थांबावं लागायचं. प्रयोग २० आठवडे चालला. पहिले चार आठवडे फक्त नोंद ठेवली: किती पालक उशिरा येतात. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांत दंड सुरू केला, दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर दर वेळी १० शेकेल. उरलेल्या चार पाळणाघरांत काहीच बदललं नाही. ही चार कशाला, असं वाटेल. पण हाच प्रयोगाचा कणा आहे. दंडाच्या काळात पाऊस पडला, रस्ते खोदले गेले, तर उशीर सगळीकडेच वाढेल. मग फरक दंडामुळे पडला की रस्त्यांमुळे, हे कळायला दंड नसलेली पाळणाघरं शेजारी लागतात. आम्ही याला 'कंट्रोल' म्हणतो.

दंड लावल्यावर उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी व्हायला हवी होती. ती वाढली, आणि काही आठवड्यांत जवळजवळ दुप्पट झाली. चार कंट्रोल पाळणाघरांत तसं काही घडलं नाही. पुढे सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला. तरी उशीर मूळ पातळीवर आला नाही, वाढलेलाच राहिला.

संशोधकांचं स्पष्टीकरण असं: दंड नव्हता तोपर्यंत शिक्षिकेचं थांबणं हा तिचा भलेपणा होता आणि त्याचा गैरफायदा घेऊ नये असं पालकांना वाटायचं. दंड आला आणि थांबण्याला भाव मिळाला. भाव परवडतो म्हटल्यावर लोक ती सेवा विकत घेऊ लागले. मग दंड काढला तेव्हा तीच सेवा फुकट झाली, एवढंच. लाज काही परत आली नाही.

आता या प्रयोगाच्याही मर्यादा सांगायला हव्यात, कारण समाजमाध्यमांवर तो 'दंड कधीच चालत नाही' अशा थाटात फिरतो. तसं त्यातून सिद्ध होत नाही. पाळणाघरं दहाच होती आणि ती एकाच शहरातली. दंड छोटा होता. तो पाचपट असता तर कदाचित लोक वेळेवर आले असते. शिवाय पाळणाघर म्हणजे प्राथमिक शाळा नव्हे. प्रयोगातून नीट सिद्ध होतं ते एवढंच: छोटा दंड लावला की वागणूक सुधारेलच असं गृहीत धरू नका, ती बिघडूही शकते.

नियम १७ त्या छोट्या दंडासारखाच आहे, आणि वर तो सगळ्यांना सारखाही नाही. ताईला ५० रुपये म्हणजे कॉफीचे पैसे. भाचीच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमधून प्रवेश मिळालाय. तिची आई चार घरची कामं करते. एका घरी पाहुणे आले, काम लांबलं की तिचे ५० रुपये जातात. म्हणजे जिला सवलत घेता येते तिच्यासाठी नियम ही सोय झाली आणि जिचा नाइलाज आहे तिच्यासाठी शिक्षा. आणि फाटकापाशी मुलांना धरून थांबणाऱ्या मावशींना त्यातले किती मिळतात? ताईने चौकशी केली. शून्य. पैसे कार्यालयात जमा होतात. त्यांचं थांबणं मात्र वाढलंय.

दुसरी जागा मला जास्त खटकली, कारण ती माझ्या विषयाजवळची आहे. नियम ९: 'आजारी पाल्यास शाळेत पाठवू नये. ताप उतरल्यानंतर २४ तास घरीच ठेवावे.' अगदी योग्य. आणि नियम २६: '१०० टक्के उपस्थिती असणाऱ्या विद्यार्थ्यांस वार्षिक समारंभात पदक व प्रशस्तिपत्रक देण्यात येईल.'

हे दोन्ही नियम एकत्र पाळता येतात का, ते बघा. दुसरीतलं मूल वर्षभर एकदाही आजारी पडलं नाही तरच. बाकी सगळ्यांना एकतर पदक सोडावं लागेल नाहीतर नियम ९ मोडावा लागेल. आमच्या घरी काय झालं ते सांगते. ऑगस्टमध्ये भाचीला रात्री ताप आला. सकाळी ती रडायला लागली, "माझं मेडल जाईल." ताईने औषध दिलं, ताप उतरला, पोरगी शाळेत गेली. औषधाने थर्मामीटरचा आकडा खाली येतो, विषाणू कुठेही जात नाही. फ्लूचंच उदाहरण घ्या. लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस तो दुसऱ्याला होऊ शकतो. एका बाकावर तीन मुली बसतात. पुढच्या आठवड्यात त्या बाकावरच्या दोघी घरी होत्या. भाचीमुळेच, असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात ताप चहूकडून येतो. पण बक्षीस तापातल्या मुलीला वर्गात ओढत होतं, हे नक्की.

बरं, अशा बक्षिसांनी उपस्थिती तरी वाढते का? कॅलिफोर्नियात कार्ली रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी सहावी ते बारावीच्या १५,००० हून जास्त विद्यार्थ्यांवर हे तपासलं. निबंध २०२१ साली छापून आला. काहींना सांगितलं, पुढच्या महिन्यात पूर्ण हजेरी लावा, बक्षीस मिळेल. काहींना आधीच्या हजेरीबद्दल अचानक बक्षीस दिलं. काहींना काहीच नाही. आश्वासनाचा सरासरी काही परिणाम दिसला नाही. आणि ज्यांना बक्षीस मिळालं ती मुलं पुढच्या महिन्यात थोडी जास्तच गैरहजर राहिली. संशोधकांना वाटतं की मुलांना त्यातून एक न सांगितलेला निरोप मिळाला: तू इतरांपेक्षा आणि अपेक्षेपेक्षा जास्त येतोस. ही मुलं मोठी होती, दुसरीच्या मुलांना ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण सात वर्षांच्या मुलांची हजेरी तर बहुतेक आईवडिलांच्याच हातात असते. मग पदक नक्की कोणाला देतोय?

आता तिसरा प्रश्न: काय गाळलंय? ४१ नियमांपैकी शाळेने स्वतः काय पाळायचं हे सांगणारा एकही नाही. असे नियम अस्तित्वातच नाहीत असं नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सांगितलं. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असं म्हटलंय. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे निर्देश राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिले, त्यावर बसच्या फेऱ्यांची अडचण सांगून अनेक शाळांनी कुरकुर केली. भाचीच्या शाळेचं फाटक सकाळी ७.४० ला बंद होतं. उशिरा आलेल्या मुलांना पहिला तास बाहेर बाकावर बसवतात, हा नियम ४. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दप्तर ठेवलं: ३ किलो ४०० ग्रॅम. भाचीचं वजन २१ किलो. हिशोब तुम्ही करा.

शाळेवर नुसती टीका करून उठायचं नाहीये. साठ मुलांचा वर्ग आणि शंभर व्हॉट्सॲप मेसेज सांभाळणाऱ्या बाईंना नियम लागतातच. माझ्या सूचना तीनच आहेत. प्रत्येक नियमासमोर एका ओळीत कारण लिहा. कारण सुचलं नाही तर नियम गाळा. एकमेकांना छेद देणारे नियम शोधा, पदकाचा पहिला. आणि शेवटचं पान शाळेच्या जबाबदाऱ्यांसाठी ठेवा. उशिराबद्दल म्हणाल तर, मावशींना किती वाजता घरी जायचं असतं एवढं जरी नियम १७ च्या जागी लिहिलं तरी मला वाटतं फरक पडेल. वाटतं म्हणतेय, कारण हे कोणी कंट्रोल ठेवून तपासलेलं नाही.

खासगी शाळांमध्ये पालक-शिक्षक संघ असणं राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार बंधनकारक आहे आणि प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो. बहुतेकांना हे ठाऊक नसतं, ताईलाही नव्हतं. पुढच्या बैठकीत ती नियम ९ आणि २६ शेजारी शेजारी वाचून दाखवणार आहे. ऑगस्टमधली आपली गोष्टही सांगणार म्हणतेय, त्यासाठी मात्र तिला दोन दिवस लागले.

तुमच्या घरातली डायरी आज काढून बघा. एकत्र पाळताच येणार नाहीत असे दोन नियम सापडले तर मला जरूर कळवा.