श्वासाएवढा वेळ

रसग्रहण कवितेचं करतात, चित्राचं करतात. मला ते एका यंत्राचं करावंसं वाटतं. जानेवारी 2022 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह प्रक्षेपक बसवला गेला. पश्चिम किनाऱ्यावरची अशी ही पहिलीच मादी, म्हणून तिचं नाव प्रथमा. मँग्रोव्ह फाउंडेशन आणि भारतीय वन्यजीव संस्थेचा हा उपक्रम.

मागोवा घेणारं यंत्र निवडताना आपण आधी विचारतो, जागा किती अचूक दाखवतं? कासवाच्या बाबतीत हा प्रश्न मागे पडतो. समुद्राच्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणजे कासव श्वासासाठी वर येईल तेवढीच संधी. ती काही सेकंदांची. साध्या जीपीएसला बंद अवस्थेतून जागं झाल्यावर उपग्रहांच्या कक्षांची माहिती मिळवायलाच अर्धं मिनिट लागू शकतं. तोवर कासव पुन्हा खाली गेलेलं असतं.

म्हणून इथे जागा शोधण्याचं काम कासवाच्या पाठीवरून काढून उपग्रहावर टाकलेलं असतं. आर्गोस या व्यवस्थेत प्रक्षेपक फक्त एक हाक देतो, एका सेकंदाहूनही कमी वेळाची. येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि जाणारीची उतरती ऐकू येते, तसा उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना हाकेच्या वारंवारतेत फरक पडतो. त्यावरून जागा काढतात. ती काहीशे मीटरनं, कधी कित्येक किलोमीटरनंही चुकते. भर समुद्रातला प्रवास समजून घ्यायला तेवढी चूक चालते. अचूकता सोडून श्वासाच्या वेळेत मावणं पत्करलं, ही निवड मला फार सुंदर वाटते.

त्याहून मोहक तपशील म्हणजे यंत्राच्या अंगावरची धातूची दोन छोटी टोकं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. टोकं पाण्यात असली की त्यांच्यातलं मंडल पूर्ण होतं आणि यंत्र गप्प राहतं. हवेत आली की मंडल तुटतं आणि हाक जाते. पाण्याखाली बॅटरी वाया जात नाही. यंत्र चिकटवतात तेही कवचाच्या पुढच्या, उंच भागावर, कारण श्वास घेताना तोच आधी पाण्याबाहेर येतो. ज्यानं हे ठरवलं, त्यानं कासवाला श्वास घेताना नीट पाहिलेलं असणार.

अमूर ससाण्याचा हिशेब निराळा. 2013 मध्ये नागालँडच्या पांगती परिसरातून पाठीवर यंत्रं घेऊन सोडलेले पक्षी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला पोचले. पक्षी जेमतेम दीडशे ग्रॅमचा, यंत्र पाच ग्रॅमचं, सौरऊर्जेवर चालणारं. तिथे एकेक ग्रॅम मोलाचा. ट्रकचा मागोवा घेणाऱ्या यंत्राला यातलं काहीच लागू नाही: वीज गाडीच्याच बॅटरीची, निरोप मोबाइलच्या नेटवर्कवरून.

पुन्हा कासवांकडे. 2023 मध्ये प्रक्षेपक बसवून गुहागरहून सोडलेली बागेश्री ही मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट बाजूचा दुवा 2025 मध्ये सापडला तो मात्र साध्या धातूच्या पट्टीमुळे: 2021 मध्ये ओडिशात वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची पट्टी लावलेली मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना दिसली. पट्टीला ना बॅटरी, ना उपग्रह. ही तीच का, एवढ्या प्रश्नाला ती पुरली. मधल्या वर्षांत ती कुठल्या वाटेनं फिरली, ते सांगायला पाठीवर प्रक्षेपकच लागला असता.