लाकडी कॅमेरा आणि जीर्णोद्धाराचा विवेक

चेझारे ब्रांदी या इटालियन कलामीमांसकाचा 'जीर्णोद्धाराचा सिद्धान्त' हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचा तो पहिला संचालक. त्यामुळे त्याच्या विवेचनामागे प्रत्यक्ष कामाचा अनुभव उभा आहे. ग्रंथाच्या आरंभीच तो एक विभागणी करतो. उपयोगाची वस्तू बिघडली तर तिचे कार्य तिला परत मिळवून देणे, एवढाच तिच्या दुरुस्तीचा अर्थ. कलाकृतीच्या बाबतीत मात्र उपयोग गौण ठरतो. तिचे रूप आणि तिच्यावर उमटलेला इतिहास या दोहोंचा मान राखून काम करावे लागते. विभागणी स्वच्छ आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा मोठा लाकडी कॅमेरा तिच्यासमोर आणून ठेवला की ती डळमळू लागते, असे मला वाटते.

तिपाईवर उभा राहणारा, छायाचित्रकार ज्याच्यामागे काळ्या कापडाखाली डोके घालून उभा राही तो हा कॅमेरा. महोगनीची चौकट, पितळी बिजागऱ्या, चामड्याचा घडीदार भाता, पुढे भिंग आणि मागे घासलेली काच. 'होल प्लेट' म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, 'हाफ प्लेट' म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँडरसन या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने १८९५ साली भिंगाची पाटी हवी तशी कलती करण्याच्या योजनेचे पेटंट घेतले, ते उंच इमारतींचे छायाचित्र सरळ यावे म्हणून. उष्ण प्रदेशांसाठी इंग्रज कंपन्या सागवानी 'ट्रॉपिकल' आवृत्त्या काढीत आणि त्यांचे सांधे पितळी पट्ट्यांनी आवळीत. केवळ सरसावर विसंबलेले सांधे दमट हवेत टिकत नसत.

आता असा एखादा कॅमेरा माळ्यावरून खाली येतो तेव्हा काय घडते? बहुधा प्रथम त्याला चकाकी दिली जाते. लाकडावरचे जुने लाखेचे रोगण स्पिरिटने चटकन विरघळते. ते पुसून वर आधुनिक व्हार्निशचा जाड थर चढतो. पितळेवर मूळ कारागिराने दिलेला सोनेरी लेप असतो. तो घासून काढला की पितळ चार दिवस लखलखते आणि मग उघडे पडल्यामुळे अधिक वेगाने काळवंडते. सरळ खाचेचे स्क्रू हरवलेले असतात, त्यांच्या जागी अधिक चिन्हाच्या खाचेचे बसवले जातात. हे स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या कॅमेऱ्याकडे पाहवत नाही. कित्येक हॉटेलांच्या दिवाणखान्यांत असे शृंगारलेले कॅमेरे उभे असतात. आपल्या काही चर्चमधल्या जुन्या लाकडी वेद्यांवर चकचकीत तैलरंग फासले गेले, त्यामागची वृत्तीही हीच. जुन्याचा अभिमान वाटतो, पण जुनेपण सोसवत नाही.

जॉन रस्किनने १८४९ साली वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात जीर्णोद्धाराला असत्य म्हटले होते. वरील प्रकारांपुरते त्याचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु रस्किनसमोर दगडी भिंती होत्या. भिंत झिजली तरी ती भिंतच राहते, आणि तिची झीज हेच तिचे सौंदर्य असे म्हणता येते. भात्याला टाचणीएवढे भोक पडले तर कॅमेरा कॅमेरा राहत नाही. लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे खोली. 'कामेरा ऑब्स्क्यूरा' म्हणजे अंधारी खोली. या वस्तूचा खरा गाभा लाकूडही नव्हे आणि पितळही नव्हे. लाकडाने, चामड्याने जपलेला आतला अंधार हा तो गाभा आहे. (१८४५ साली व्हेनिसमध्ये डॅगेरोटाइप चित्रे हौसेने मिळवणाऱ्या रस्किनच्या हे ध्यानात यावयास हरकत नव्हती.)

म्हणून दुरुस्तीची सुरुवात आतून व्हावयास हवी. रात्री खोलीतले दिवे मालवून भात्याच्या आत एक लहान दिवा ठेवावा. घड्यांच्या कोपऱ्यांवर, जिथे चामडे वर्षानुवर्षे दुमडले गेले, तिथे प्रकाशाचे कण दिसू लागतात. त्यांवर ठिगळ लावताना प्रभूने दिलेला जुन्या वस्त्राचा दाखला अक्षरशः खरा ठरतो. नवे, जाड, ताठ चामडे जुन्या पातळ चामड्यावर चिकटवले की भाता मिटताना घडी नीट पडत नाही आणि ठिगळाच्या कडेलाच नवी चीर जाते. ठिगळ जुन्याइतकेच पातळ आणि लवचीक हवे. चामड्याचा पार भुगा झाला असेल तर भाता नवा करावा. मात्र जुन्याच्या घड्या मोजून, आतले अस्तर आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्याच मापाने बेतून.

घासलेल्या काचेची गोष्ट आणखी बोधक आहे. मूळ काच फुटलेली असते आणि कुणीतरी दुसरी बसवलेली असते, पुष्कळदा उलटी. घासलेली बाजू भिंगाकडे असावी लागते, कारण प्लेटवरचा रासायनिक थर ज्या प्रतलात येतो त्याच प्रतलात ती यावयास हवी. उलट्या काचेवर प्रतिमा रेखीव दिसते, पण प्लेटवर मुखवटा धूसर उतरतो, काचेच्या जाडीएवढ्या चुकीमुळे. प्रदर्शनातल्या कपाटात ही चूक कधीच उघडकीला येत नाही. कॅमेरा कामाला लावला तरच कळते की तो कॅमेरा आहे की कॅमेऱ्याचा पुतळा. इथे ब्रांदीची विभागणी मोडते: ही वस्तू इतिहासाची साक्षीदार झाली आहे, पण तिची साक्ष तिच्या कार्यातूनच मिळते.

तरीही त्याचा नियम सर्वस्वी टाकून देता येत नाही. सेकोंदो पिया या हौशी छायाचित्रकाराने, जो व्यवसायाने वकील होता, २८ मे १८९८ रोजी तुरिन येथील पवित्र प्रेतवस्त्राची छायाचित्रे घेतली, पन्नास बाय साठ सेंटिमीटरच्या प्लेटांवर. निगेटिव्हवर उजळलेला तो मुखवटा साऱ्या जगाने पुढे पाहिला. १९८८च्या कार्बन चाचणीने वस्त्राचा काळ १२६० ते १३९० असा दिला. त्यावरचे वाद इथे अप्रस्तुत आहेत. पियाचा कॅमेरा तुरिनच्या प्रेतवस्त्र संग्रहालयात ठेवलेला आहे. त्याचा भाता बदलून त्यातून नवे चित्र घेऊ नये असेच मी म्हणेन. त्या कॅमेऱ्याचे जे एक कार्य होते ते झाले. आता त्याच्या प्रत्येक चिरेला स्मृतिचिन्हाचा मान आहे.

परंतु असे कॅमेरे किती? बहुसंख्य कॅमेरे अनामिक स्टुडिओंचे, ज्यांनी आपल्या आजी-आजोबांची लग्ने आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीची पांढऱ्या पोशाखातली मुले टिपली. त्यांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे, आणि त्याला केरळमधील एका घटनेचा आधार आहे. अलप्पुळा येथे वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका घरात गावातल्या स्टुडिओचा विदेशी कॅमेरा आला, फाटलेल्या भात्यासह. वाद्यदुरुस्तीचा हात असलेल्या घरातल्या के. करुणाकरन यांनी तो भाता दुरुस्त केला, आणि दुरुस्त करता करता कळलेल्या विद्येतून १९४०च्या दशकात सागवान आणि पितळेचा स्वतःचा कॅमेरा घडवला. तो 'वागीश्वरी' या नावाने पुढे कित्येक स्टुडिओंत पोहोचला. त्या पहिल्या विदेशी कॅमेऱ्याला केवळ पॉलिश करून परत पाठवले असते, तर भात्याच्या आत काय असते हे अलप्पुळ्यात त्या दिवशी कुणी उघडून पाहिले नसते.