‘गुणकारी’ या शब्दाचा अर्थ : हळदीच्या जाहिरातीची भाषा व तिच्यावरील निर्बंध

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे हळदीचे गाव म्हणून महाराष्ट्रात सुपरिचित आहे. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन लाभले आणि मालाच्या गुणवत्तेबरोबर त्याच्या नावालाही कायद्याचे संरक्षण मिळाले. हळद दळून, पुड्या बांधून ती फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या समाजमाध्यमांवरून थेट ग्राहकाला विकण्याची वाट आता लहान उत्पादकालाही खुली झाली आहे. परंतु या वाटेवर नैसर्गिक आरोग्यपदार्थांच्या विक्रेत्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. जी गोष्ट आजी नातवंडाला सांगते, ती जाहिरातीत लिहिली की नाकारली जाते. आणि ती कोणत्या शब्दामुळे नाकारली गेली, याचा उलगडा होत नाही. ही तक्रार कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. कारण हा वाद वरकरणी वैद्यकाचा भासला, तरी मूलतः तो वाक्यार्थाचा आहे.

प्रथम निर्बंधांचे स्वरूप पाहू. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू आदी परिशिष्टात नमूद केलेल्या रोगांचे निदान, निवारण, शमन, उपचार वा प्रतिबंध यांसाठी एखादे औषध वापरावे, असे सुचविणाऱ्या जाहिरातीस मनाई केली. या अधिनियमाची शब्दयोजना अभ्यासनीय आहे. ‘जाहिरात’ या संज्ञेत वेष्टन व पत्रक यांबरोबरच तोंडी केलेली अथवा प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या द्वारे केलेली घोषणाही अंतर्भूत आहे. त्यामुळे सात दशकांपूर्वीची ही व्याख्या आजच्या भ्रमणध्वनीच्या पडद्यालाही सहज कवेत घेते. दुसरे असे की, रोगावर वापरण्यासाठी म्हणून योजलेला कोणताही पदार्थ या अधिनियमाच्या दृष्टीने औषध ठरतो. म्हणजे ‘ही हळद भाजीला रंग आणते’ या वाक्यात जी वस्तू खाद्यपदार्थ असते, तीच ‘ही हळद मधुमेह घालविते’ या वाक्यात औषध बनते. पुडीतील चूर्ण तेच राहते. वाक्य बदलताच वस्तूची जात बदलते. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींविषयी २०१८ साली झालेले विनियमही, विशेष अनुमती असल्याखेरीज, अन्नाने रोग टळतो वा बरा होतो असे म्हणू देत नाहीत.

तक्रारकर्त्यांच्या बाजूने दोन दाखले सांगता येतात आणि ते दुर्बल नाहीत. पहिला असा : २०२० च्या महामारीत केंद्रीय आयुष मंत्रालयानेच दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून दिवसातून एकदोनदा घ्यावी, असे जनतेस सुचविले होते. दुसरा दाखला प्रसिद्धच आहे. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रातील दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याविषयी १९९५ साली एकस्व मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील आधारांसह पुरावे सादर केले. आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. जी परंपरा अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने मानली, ती स्वदेशातील जाहिरातीत का मानू नये, असा प्रश्न यातून स्वाभाविकच उद्भवतो.

तथापि हे दोन्ही दाखले बारकाईने तपासले असता त्यांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. एकस्वाच्या वादात प्रश्न होता तो ‘हे पूर्वी ज्ञात होते काय?’ हा. ‘हे परिणामकारक आहे काय?’ हा प्रश्न तेथे निर्णायक नव्हताच. प्राचीन ग्रंथ पहिल्या प्रश्नाला निःसंदिग्ध उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रोग्यांवरील काटेकोर परीक्षणातूनच मिळू शकते. परंपरा ही वहिवाटीची साक्षीदार आहे. गुण आल्याची साक्ष तिच्याकडून आपोआप मिळत नाही. मंत्रालयाच्या सूचनेतही हा त्या महामारीवरील उपचार नव्हे, असा खुलासा होताच. जाहिरातदार उसनवारी करतो ती सूचनेची. खुलासा मात्र मागे राहतो.

येथे मराठीचे व्याकरण विचारात घ्यावे लागते. मराठीत उपचाराचा दावा करण्यास क्रियापदाची गरज नसते. ‘खोकल्यावर काढा’, ‘डोकेदुखीवर लेप’, ‘विषावर उतारा’ या रचनांत ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय स्थलवाचक न राहता उपायवाचक झाले आहे. कोणतेही विधान न करता ते रोग व द्रव्य यांचा निवार्य-निवारक संबंध प्रस्थापित करते. ‘आम्ही बरे करतो असे कोठे म्हटले?’ असा बचाव विक्रेता करू शकेल. पण अधिनियमाने निषिद्ध केले आहे ते सूचन. आलंकारिकांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर कायदा येथे अभिधेवर न थांबता व्यंजनेचीही दखल घेतो.

‘गुण’ या शब्दाची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘हळदीचे गुण’ यात गुण म्हणजे द्रव्याचा धर्म. ‘हळदीने गुण आला’ यात गुण म्हणजे रोग्याला पडलेला उतार. ‘गुणकारी’ हे विशेषण या दोन अर्थांच्या सीमेवर उभे आहे. विक्रेत्याला पहिला अर्थ अभिप्रेत असेलही. व्याधीने गांजलेल्या वाचकाच्या मनात मात्र दुसराच उमटतो. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूने जितका ठरतो, तितकाच तो ऐकणाऱ्याच्या निकडीनेही ठरतो. मधुमेहाचा रोगी अशा एका विशेषणावर विसंबून नियमित औषध सोडून बसला, तर त्या संदिग्धतेची किंमत विक्रेता देत नाही, रोगी देतो. शिवाय स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि तिचा संहत अर्क या एक वस्तू नव्हेत. यकृताला इजा झाल्याच्या घटनांमुळे इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली हळदीच्या पूरक गोळ्यांवर इशारा छापणे आवश्यक केले. निर्बंधांचे प्रयोजन यावरून स्पष्ट व्हावे.

प्रयोजन मान्य केले, तरी अंमलबजावणी निर्दोष ठरत नाही. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वानुमती आवश्यक करणारा नियम १७० हा २०१८ साली आला. १ जुलै २०२४ रोजी केंद्राने तो वगळला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली. आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ प्रकरण निकालात निघून स्थगितीही उठली. अशा दोलायमान स्थितीत वकील पदरी असलेली मोठी कंपनी तग धरते, लहान विक्रेता गोंधळतो. समाजमाध्यमांची स्थिती याहून बिकट आहे. फेसबुक चालविणारी मेटा कंपनी जाहिरातींची तपासणी प्रामुख्याने स्वयंचलित यंत्रणेने होते असे सांगते. वाचकाला एखादा रोग आहे असे गृहीत धरणारा मजकूरही तिला निषिद्ध आहे. हेतू योग्यच आहे. परंतु अशी यंत्रणा रोगांच्या नामांवर विसंबू लागली, तर तिचे दोन्ही बाजूंनी चुकणे अटळ आहे. ‘मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे’ या सावधगिरीच्या वाक्यात रोगाचे नाव आहे. ‘शुगरवर हमखास’ यात परिशिष्टातील मराठी संज्ञाच नाही. पहिले वाक्य निर्दोष असून अडकेल, दुसरे सदोष असून सुटेल. दावा नामात नसतो. तो ‘वर’ या अव्ययात आणि ‘हमखास’ या क्रियाविशेषणात दडलेला असतो.

यास्तव विक्रेत्यांची तक्रार अर्धी खरी आहे. नियम नसावेत, ही तिची मागणी टिकणारी नाही. नियम कळावेत, ही टिकणारी आहे. कोणती वाक्यरचना धर्म सांगते, कोणती वहिवाट सांगते आणि कोणती उपचाराचे वचन देते, हे सोदाहरण दाखविणारी मार्गदर्शिका मूळ मराठीतच तयार झाली पाहिजे. इंग्रजी संज्ञांची भाषांतरे जोडून हे काम होणार नाही. ते काम भाषाविभागांच्या आवाक्यातील आहे आणि त्यांच्या कर्तव्यातीलही आहे. तोवर वसमतच्या हळदीने आपला रंग, आपला गंध, आपली माती आणि मानांकन लाभलेले आपले नाव सांगावे. एवढे सांगणे सत्य आहे, विक्रीला पुरेसे आहे आणि त्यासाठी कोणत्याही रोग्याच्या आशेला हात घालावा लागत नाही.