‘हेलडायव्हर्स’ : वीराचा आभास आणि हास्य

स्वीडनमधील ॲरोहेड गेम स्टुडिओज या संस्थेने २०१५ साली सिद्ध केलेला ‘हेलडायव्हर्स’ हा व्हिडिओ गेम विनोदी आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र हा विनोद नेमका कोठे वसतो, या प्रश्नाला सहसा जे उत्तर दिले जाते ते अपुरे आहे असे वाटते.

ते उत्तर म्हणजे खेळातील घोषणा. ‘सुपर अर्थ’ नावाच्या भावी राज्याचे सैनिक स्वातंत्र्याचा आणि लोकशाहीचा जयघोष करीत परग्रहांवर उतरतात. त्या लोकशाहीला मात्र राज्याने ‘नियंत्रित’ असे विशेषण जोडलेले आहे. शत्रू तीन : बग्ज, सायबॉर्ग आणि इल्युमिनेट. यांपैकी इल्युमिनेटांवर महासंहारक शस्त्रे दडवून ठेवल्याचा आरोप आहे, आणि २००३ सालचे इराकयुद्ध ज्याला आठवते त्याला हा टोमणा समजावून सांगावा लागत नाही. हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही १९५९ सालची कादंबरी आणि तिच्यावरून व्हर्होवेन यांनी १९९७ साली काढलेला उपरोधिक चित्रपट यांचे ऋण येथे उघड आहे. हे सर्व चुरचुरीत आहे, पण उसने आहे.

या खेळाचे स्वतःचे हास्य त्याच्या नियमांत आहे. चार खेळाडू एकत्र लढतात, आणि कोणाचीही गोळी सहकाऱ्यास लागली तर तो मरू शकतो. हा नियम बंद करण्याची सोय नाही. शिवाय रणभूमी माथ्यावरून दिसते आणि चौघांना मिळून पडदा एकच. त्यामुळे एकजण मागे रेंगाळला की उरलेल्या तिघांची वाट अडते. माणसे परस्परांच्या गोळीबाराच्या रेषेत येणे येथे अपघात नव्हे, ती रचनाच आहे. सहकारी मेला की घाईघाईने ‘वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, वर’ अशी कळा दाबण्याची खूण करून संकेतदीप फेकावयाचा. मग आकाशातून पोलादी कुपी येते आणि मेलेल्याच्या जागी दुसरा सैनिक उभा राहतो. ती कुपी ज्याच्या डोक्यावर पडेल तो चिरडला जातो, मग तो शत्रू असो वा मित्र. प्रस्तुत लेखकाने एका मित्राला परत आणताना दुसऱ्याला असेच गाडले आहे, आणि त्या वेळी सर्वांत मोठ्याने हसला तो गाडला गेलेलाच. याच संस्थेच्या ‘मॅजिका’मध्ये (२०११) मांत्रिक एकमेकांना असेच जाळीत असत; परंतु तेथे तो नुसता धांदलीचा विनोद होता. ‘हेलडायव्हर्स’मध्ये त्याला राज्याची घोषणा जोडली गेली आणि त्याचा अर्थ पालटला.

कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य संभवते, हे अभिनवगुप्ताचे मत येथे उपयोगी पडते. वीररसाचे विभाव सर्व हजर आहेत : शत्रू आहे, ध्वज आहे, आवेश आहे. नाही ते एवढेच, की मरणाऱ्याला मोल नाही. आणि हे मोल हरपणे आपणास दिसते ते उंचीमुळे. माथ्यावरून पाहताना सैनिकाचा चेहरा दिसत नाही. दिसते ती सरकणारी एक लहानशी आकृती, तिच्याजागी दुसरी आली तरी चित्र बिघडत नाही. नकाशावर बोट ठेवून माणसे धाडणाऱ्या सत्तेची दृष्टी ती हीच. खेळाडू मरणारा आहे आणि वरून पाहणाराही आहे. हसताना तो कोणाच्या बाजूने हसतो हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. ‘रोबोट्रॉन : २०८४’ (१९८२) यासारख्या जुन्या खेळांतही ही उंची होती, पण तेथे ती केवळ सोय होती.

यावर आक्षेप असा घेता येईल, की घोषणा देण्यात खेळाडूला इतका आनंद वाटतो की उपरोध विरून जातो. आक्षेप खोटा नाही. परंतु पहिल्या खेळात तरी घोषणेमागोमाग स्वकीयांची कुपी डोक्यावर येते, आणि आवेशाला फार वेळ टिकू देत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘हेलडायव्हर्स २’ मध्ये दृष्टी सैनिकाच्या पाठीमागे, खांद्याशी आणली गेली. स्वकीयांची गोळी तेथेही लागते, घोषणा अधिक मोठ्याने होतात, आणि रणभूमीची भव्यता तर निर्विवाद आहे. तथापि खांद्याआडून पाहणारा त्या एका सैनिकाचाच होऊन जातो. त्याला आपण शूर आहोत असे खरोखर वाटू लागते. त्या मानाने २०१५ चा खेळ दिसावयास साधा असला, तरी त्यातील हास्य मला अधिक कठोर वाटते.